स्तनाचा कर्करोग : उपचारकाळातील व्यवस्था आणि काळजी

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार, संप्रेरक उपचार आणि लक्ष्यवेधी औषधे यांच्या साहाय्याने उपचार केले जातात. गाठीचा आकार, काखेतील लसिकाग्रंथींची स्थिती आणि गाठीच्या नमुन्याची ग्राही तपासणी यांवरून त्यांचा क्रम ठरतो. भारतीय स्त्रियांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. यातील बराचसा उपचार बाह्यरुग्ण पद्धतीने होतो. रुग्ण सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतते. त्यामुळे प्रवास, कागदपत्रे आणि घरची देखभाल यांची घडी बसवणे हाही उपचाराचाच भाग ठरतो.

मुंबई व उपनगरे

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय सर दोराबजी टाटा ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू केले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. मीरा रोड पूर्वेतील पूनम सागरसारख्या वसाहतींतून तेथे जाण्यासाठी पश्चिम रेल्वेने दादर किंवा प्रभादेवी गाठावे लागते. सकाळच्या गर्दीत मीरा रोडला गाडीत चढणे धडधाकट माणसालाही कठीण जाते. उपनगरी गाड्यांतील दिव्यांगांसाठी राखीव डब्यातून कर्करुग्णांना प्रवासाची मुभा आहे, मात्र रुग्णालयाचे कागद जवळ असावेत. बाहेरगावाहून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णास मेल-एक्स्प्रेसच्या शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाड्याची पूर्ण सवलत, तर सोबत्यास ७५ टक्के सवलत मिळते. मुक्कामासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा अनेकांना आधार असतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपलब्ध आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या या योजनेस २०१७ मध्ये सध्याचे नाव मिळाले. योजनेत पूर्वमंजुरी लागते; म्हणून शिधापत्रिका, आधारपत्र व बायोप्सीचा अहवाल घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रास उपचार सुरू होण्यापूर्वीच भेटणे श्रेयस्कर. सर्व अहवाल तारखेच्या क्रमाने एकाच फाईलमध्ये ठेवल्यास प्रत्येक विभागात होणारी धावपळ वाचते.

केमोथेरपी

मळमळ, थकवा, तोंड येणे आणि दोन-तीन आठवड्यांत केस गळणे हे परिणाम त्रासदायक असले तरी बहुधा तात्पुरते असतात. ताप मात्र वेगळा. औषधाच्या मात्रेनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि त्या काळातील जंतुसंसर्ग काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. तापमान १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक झाल्यास घरी पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नये. त्या गोळीने ताप उतरतो, संसर्ग नव्हे. घरात थर्मामीटर हवा. रात्री कोणत्या रुग्णालयात व कोणत्या वाहनाने जायचे, हेही आधीच ठरलेले असावे. परळ दूर असल्यास जवळच्या रुग्णालयात प्रतिजैविक सुरू करून घेता येते, मात्र केमोथेरपी चालू असल्याचे तेथे प्रथम सांगावे.

पाणी उकळून घ्यावे, अन्न ताजे व शिजवलेले असावे. मऊ भात, मुगाची खिचडी, अंडी, डाळी चालतात. उघड्यावरील कापलेली फळे व पाणीपुरी टाळावी. काढे, भस्मे किंवा पूरक गोळ्या डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत, कारण काहींचा यकृतावर व मूळ औषधावर परिणाम होतो.

शस्त्रक्रिया व किरणोपचार

काखेतील ग्रंथी काढल्यावर खांदा आखडू शकतो व हाताला सूज येऊ शकते. शिकवलेले व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हापासून नेमाने करावेत. हात जड वाटू लागल्यास लगेच दाखवावे. त्या हाताला भाजणे, कापणे व ओरखडे जपावेत, जे रोज चुलीपाशी उभ्या असणाऱ्या बाईला सांगणे सोपे, पाळणे अवघड.

किरणोपचार पूर्वी सुमारे पाच आठवडे चालत; आता अनेक ठिकाणी ते तीन आठवड्यांत १५ मात्रांत पूर्ण केले जातात. दूरच्या उपनगरातून येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा मोठाच फरक आहे. मात्रांमध्ये खंड पडू देऊ नये.

दीर्घकालीन औषधे

संप्रेरक-ग्राही गाठींसाठी टॅमॉक्सिफेन किंवा तत्सम गोळ्या पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागतात. बरे वाटते म्हणून त्या मध्येच सोडल्यास रोग उलटण्याची शक्यता वाढते. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भधारणा टाळावी लागते. ट्रास्टुझुमॅब सहसा वर्षभर दिले जाते आणि त्या काळात हृदयाची इकोतपासणी ठरावीक अंतराने होते. उपचारानंतर मॅमोग्राफी वर्षातून एकदा केली जाते.