निळ्या ओठांचा शोध

मूल खेळताना लवकर दमते, ओठ निळसर दिसतात, बोटांची टोके फुगीर होतात. घरचे म्हणतात, अंगात ताकद नाही. डॉक्टर छातीला नळी लावतात, तर हृदय ठणठणीत. अशा वेळी, क्वचित का होईना, दोष फुफ्फुसात निघतो.

अशुद्ध रक्त फुफ्फुसात केसाहून बारीक वाहिन्यांच्या जाळीतून जाते. तिथे त्याला प्राणवायू मिळतो आणि ते गाळलेही जाते. काही मुलांत मात्र रोहिणी थेट नीलेला जोडलेली असते, मधली जाळीच नसते. मग रक्त निळेच राहते; शिवाय रक्ताची गुठळी किंवा जंतू न अडता मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. खरी भीती ती आहे.

इंग्लंडच्या डॉ. चर्टन यांनी १८९७ मध्ये हा दोष नोंदवला, तो बारा वर्षांच्या मुलाच्या शवविच्छेदनात. जिवंत रुग्णात निदान व्हायला १९३९ साल उजाडले. १९४२ मध्ये टोरांटोहून यशस्वी शस्त्रक्रियेची बातमी आली, पण त्यासाठी अख्खे फुफ्फुस काढावे लागले होते! पूर्व बर्लिनच्या पोर्स्टमान यांनी १९७७ मध्ये वेगळी वाट दाखवली: शिरेतून बारीक नळी नेऊन, तारेचे वेटोळे सोडून सदोष वाहिनीच बुजवायची. आज मुलांवरही बहुधा हाच उपचार होतो.

निदानाची युक्ती तर फारच साधी. ग्रामियाक आणि प्रवीण शहा यांनी १९६८ मध्ये हृदयाच्या सोनोग्राफीत बुडबुड्यांचा उपयोग दाखवला. सलाईन घुसळून हाताच्या शिरेत सोडतात. बुडबुडे हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसतात आणि फुफ्फुसाच्या जाळीत विरतात. ते लगेच डावीकडे दिसले तर हृदयाला छिद्र. तीन-चार ठोक्यांनंतर दिसले तर वाट फुफ्फुसातली.

पण मूल तिथवर पोहोचायला हवे. लहान मुलांच्या शाळा-अंगणवाडीत तपासणीची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य योजना ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमध्येच सुरू झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. त्याच वर्षी विरार-डहाणू लोकलही धावू लागली. बोईसर, पामकडच्या आईबापांना परळचे मुलांचे वाडिया रुग्णालय थोडे जवळ आले.

बोटाला लावायच्या यंत्राने प्राणवायू मोजताना मुलाला एकदा झोपवून, एकदा उभे करून मोजावे. हा दोष बहुधा फुफ्फुसाच्या तळाशी असतो, म्हणून उभे राहिल्यावर आकडा घसरू शकतो. आणि आणखी एक विचारावे: घरात कुणाचा घोळणा वारंवार फुटतो का? अनेकदा हा दोष त्याच घराण्यांतून येतो.