झोपलेला लॅपटॉप उठवताना

लाइन गेली की लॅपटॉप झाकावा, तो झोपावा, आणि लाइन आली की काम तिथूनच पुढे सुरू. 2005 च्या पुढे-मागे भारनियमनात अकोला-अमरावतीच्या माणसाला याहून जास्त काय हवं होतं? पारसचं औष्णिक वीजकेंद्र अकोला जिल्ह्यातच, पण लाइन आमचीही जायचीच! लिनक्सवर मात्र झाकलेला लॅपटॉप पुष्कळदा उठायचाच नाही. न साठवलेलं काम गेलंच म्हणून समजा.

कारण शोधायला थोडं मागे जावं लागतं. 1992 मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम आणलं. त्यात झोपवण्याचं मुख्य काम बायॉसकडे होतं. डिसेंबर 1996 मध्ये या दोघांनी तोशिबासोबत एसीपीआय आणलं आणि सूत्रं ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेली. पण झाकण, पंखा, बॅटरी कशी हाताळायची याच्या सूचना राहिल्या बायॉसमधल्या तक्त्यांत. त्या लिहायचे लॅपटॉप बनवणारे, आणि तपासून पाहायचे बहुधा विंडोजवरच.

गंमत म्हणजे हे तक्ते सिस्टिमला "तू कोण?" असं विचारू शकतात. "लिनक्स" असं खरं सांगितलं, की गाडी कुणीच नीट न तपासलेल्या वाटेला लागायची. शेवटी 2007 मध्ये, 2.6.23 या कर्नेलपासून, लिनक्सने आपणहून स्वतःचं नाव सांगणं सोडलं. विंडोजच्या नावाला मात्र ते "हो" म्हणतं, आजही.

कोड कितीही खुला ठेवा, यंत्र कुणासाठी तपासलं गेलं यावर त्याची झोप ठरते. मला हेच सलतं. पैसे मोजून घेतलेलं यंत्र आपलं, पण त्याला ओळख पटते दुसऱ्याचीच.