छपरावरची जाळी आणि मामूंचा सवाल

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षक नाही, तंत्रज्ञ तर नाहीच. तरीही 'शिक्षकांचं प्रशिक्षण आणि यंत्रं' या विषयावर बोला असं सुचवलं गेलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. कारण या विषयाचा पन्नास वर्षांचा इतिहास मी एका माणसात पाहिला आहे. ते माझे मामू. गुलबर्गा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या, एका खेड्यात ते प्राथमिक शिक्षक होते. घरी दख्खनी, शाळेत कन्नड आणि आम्हां सोलापूरच्या भाच्यांशी मराठी, असा त्यांचा तीन भाषांचा संसार.

१९७५ च्या ऑक्टोबरात मी सहा वर्षांचा होतो. ईद होऊन गेली होती, दसऱ्याच्या सुट्टीत अम्मीबरोबर आजोळी गेलो होतो. गावात शिरतानाच शाळेच्या छपरावर एक अजब वस्तू दिसली. खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, दहा फूट रुंद, आभाळाकडे तोंड केलेली परात. मामूंना विचारलं, तर म्हणाले, "ही छत्री पाऊस अडवायला नाही, आभाळातलं पकडायला आहे."

ते खरंच होतं. त्या वर्षी १ ऑगस्टला देशात 'साइट' हा प्रयोग सुरू झाला होता. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी आपल्याला वापरायला मिळाला होता. त्याचा करार विक्रम साराभाईंनी १९६९ मध्ये जुळवून आणला. पण प्रयोग पाहायला ते राहिले नाहीत, १९७१ च्या डिसेंबरात गेले. पुढचं काम अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात यश पाल यांच्या नेतृत्वाखाली झालं आणि सगळ्या कार्यक्रमाची व्यवस्था ज्यांच्याकडे होती ते एकनाथ चिटणीस आपल्या कोल्हापूरचे. अहमदाबादहून चित्र वर जायचं, छत्तीस हजार किलोमीटरवरून परत खाली यायचं आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांतल्या जाळ्या ते झेलायच्या. राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र आणि कर्नाटक ही ती राज्यं. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यामुळे मुंबई दूरदर्शन १९७२ पासून चालू असूनही आम्ही सोलापूरकर टीव्ही पाहायला गुलबर्ग्याच्या खेड्यात जात होतो. याची गंमत मला अजूनही वाटते. (अशीच एक जाळी कोलंबोला आर्थर क्लार्क यांच्या घरीही बसवली होती. दळणवळणाच्या उपग्रहांची कल्पना ज्यांनी १९४५ मध्येच मांडली, त्यांना हा मान मिळाला हे फार बरं झालं.)

सकाळी मुलांसाठी शाळेचे कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी शेती, आरोग्य, गाणी. हे पुष्कळांनी लिहिलं आहे. पण साइटचा एक भाग लोकांच्या लक्षात राहिला नाही, तो म्हणजे शिक्षकांचं प्रशिक्षण. ऑक्टोबर १९७५ च्या सुट्टीत आणि पुन्हा पुढच्या उन्हाळ्यात बारा-बारा दिवसांचे वर्ग झाले. विषय, प्राथमिक शाळेत विज्ञान कसं शिकवावं. आखणी एनसीईआरटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राची. केवळ टीव्ही नव्हता. जोडीला रेडिओ, छापील पुस्तिका आणि हातांनी करायचे प्रयोगही होते. दोन्ही वेळचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास शिक्षक यातून गेले. तोपर्यंत शिक्षकाला शिकवायचं म्हणजे त्याला जिल्ह्याच्या गावी बोलवायचं, भत्त्याचा कागद भरायचा, एका हॉलमध्ये बसवून व्याख्यान द्यायचं. इथे आसपासच्या गावांतले शिक्षक एका खेड्यात, जमिनीवर बसून, दिल्लीचे तज्ज्ञ काय सांगतात ते आपल्या भाषेत ऐकत होते. काळ लक्षात घेता ही फार मोठी गोष्ट होती.

मामू संध्याकाळी घरी येत ते खिशात रबरी नळ्या, दोरा, खिळे घेऊन. मामीच्या काचेच्या ग्लासांचं काही खरं राहिलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकातला एक जुना प्रयोग ते परत परत करत. तुम्हीही केला असेल. परातीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर ग्लास पालथा घालायचा. मेणबत्ती विझते, ग्लासात पाणी चढतं. पुस्तक म्हणे, ज्योतीने प्राणवायू संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत पाचवा हिस्सा प्राणवायू असतो याचा हा पुरावा.

तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी मामू एकदम ओरडले, "अरे, बत्ती बुझने के बाद पानी चढ्या!" आम्ही सगळे धावलो. बघतो तर खरंच. ज्योत जळत असताना पाणी जवळपास हलतच नव्हतं. विझली की झपकन वर. प्राणवायू जळून संपत असेल तर पाणी हळूहळू, जळतानाच चढायला हवं. मग त्यांनी दोन मेणबत्त्या लावल्या, पाणी जास्त चढलं. तीन लावल्या, आणखी जास्त. ग्लास तोच, हवा तेवढीच, मग प्राणवायू वाढला कुठून?

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे वर्गात विचारलं. कोणाला विचारणार? टीव्हीला तोंड होतं, कान नव्हते. वर्ग चालवणारे गृहस्थ त्यांच्यासारखेच शिक्षक, प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, लिहून पाठवा. मामूंनी पोस्टकार्ड लिहिलं आणि दिलेल्या पत्त्यावर टाकलं. कार्यालयाचं नाव घेत नाही. उत्तर आलं नाही. आता वाटतं, एका खेपेला हजारो शिक्षक शिकत असताना कार्डं उघडायला माणूस ठेवावा, हे कोणाच्या आराखड्यातच नसावं.

आणि इथेच मला आकाशवाणीची आठवण होते. तोंडदेखलं कौतुक नाही, इतिहास आहे. साइटच्या एकोणीस वर्षं आधी, १९५६ मध्ये, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं उभी केली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळाने चर्चा करायची. चर्चेचा वृत्तांत नि शंका मंडळाचा चिटणीस केंद्राला कळवी आणि त्या शंकांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. रेडिओ ऐकणाऱ्या गावांहून रेडिओ ऐकून बोलणारी गावं पुढे गेली, असं तिच्यात दिसून आलं. म्हणजे परतीची वाट कशी बांधायची हे आपल्याला ठाऊक होतं. तेही पोस्टाच्या पैशांत! मग उपग्रह आला आणि आपण ते विसरलो. माझं मत कुणाला कडू लागेल, पण त्यानंतरच्या प्रत्येक योजनेत यंत्र आधी विकत घेतलं गेलं आणि शिक्षक काय विचारेल याचा विचार नंतर झाला, झालाच तर.

३१ जुलै १९७६ ला साइट संपलं आणि उपग्रह परत नेला गेला. १९७७ मध्ये गुलबर्गा शहरात जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र आलं, पण मामूंच्या गावापर्यंत त्याचं चित्र धड पोचत नसे. छपरावरच्या जाळीवर मामीने घेवड्याचा वेल चढवला.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९८२ मध्ये गेलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला, १९८३ चा इन्सॅट-१बी मात्र टिकला. त्याच्या जोरावर सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था निघाल्या. आपली पुण्याची 'बालचित्रवाणी' त्यांतलीच, १९८४ ची. ज्यांचं बालपण त्या काळात गेलं त्यांना सकाळचे ते कार्यक्रम आठवत असतील. २०१७ मध्ये ती बंद झाली, तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर शिक्षकांची सुट्टीतली शिबिरं झाली, जिल्ह्याजिल्ह्यांत 'डाएट' नावाच्या प्रशिक्षण संस्था आल्या. १९८७ मध्ये 'खडू-फळा' मोहिमेतून शाळांना विज्ञानाच्या पेट्या मिळाल्या. पुष्कळ शाळांत त्या पेट्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कमरेला. कारण काच फुटली तर नोंदवहीत जबाबदार कोण? मामूंनी पेटी उघडी ठेवली आणि दोन वेळा काचेचे पैसे पगारातून भरले.

मग आलं १९९६. त्या जानेवारीत कर्नाटकात एक नवा प्रयोग झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत वीस केंद्रं, साडेआठशेच्या आसपास प्राथमिक शिक्षक, सात दिवस. पडद्यावर तज्ज्ञ दिसणार आणि शिक्षकाने फोन उचलला की त्याचा आवाज थेट स्टुडिओत जाणार, फॅक्सही करता येणार. चित्र एकाच बाजूने, पण आवाज दोन्हीकडून. मामू तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांचं नाव यादीत आल्याचं कळलं तेव्हा मी हसून म्हटलं, "मामू, आता मेणबत्तीचं विचारून टाका."

त्यांनी नाही विचारलं. दोन दिवस फोन लागला नाही, तिसऱ्या दिवशी लागला. त्यांनी विचारलं ते असं: "माझ्याकडे एक खोली आहे आणि चार इयत्ता आहेत. एका इयत्तेचा प्रयोग चालू असताना बाकी तिघींनी काय करायचं?" तज्ज्ञांनी उत्तर दिलं, गटकार्य वगैरे. ते मामूंना फारसं पटलं नाही. पण त्यानंतर लागलेला फोन दूरच्या दुसऱ्या जिल्ह्यातून होता. तिथल्या बाईंनी आधी सांगितलं, "गुलबर्ग्याच्या सरांचा प्रश्न माझाही आहे." आणि त्या स्वतः काय करतात ते सांगत बसल्या. चौथीची मुलं पहिलीला शिकवतात, कसं, किती वेळ, कुठे फसतं. वीस केंद्रांत ते ऐकू गेलं. मामू मला म्हणाले होते, "पडद्यावरच्या साहेबांचं मी विसरलो. त्या बाईंचं दुसऱ्या दिवसापासून केलं."

पुढे २० सप्टेंबर २००४ ला खास शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' गेला. २००६ मध्ये मामू निवृत्त झाले. माझी मामेबहीण आमच्याच जिल्ह्यात शिक्षिका आहे. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर तिचं प्रशिक्षण 'दीक्षा'वर, मोबाइलवरच झालं. व्हिडिओ पाहायचा, प्रश्नावली सोडवायची, सत्तर टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र. मामू तेव्हा सोलापूरला तिच्याकडेच होते. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "पूछना कैसा इसमें?"

ती म्हणाली, "अब्बा, अडलं की आम्ही आमच्या ग्रुपवर विचारतो." तीसेक शिक्षकांचा तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप; कुठल्या योजनेतला नव्हे, त्यांनी आपापसात काढलेला. मामूंनी तिला मेणबत्तीचा सवाल टाकायला सांगितलं. पंचेचाळीस वर्षं जुना.

रात्रीपर्यंत अकरा उत्तरं आली. नऊ जणांनी पुस्तकातलंच सांगितलं, प्राणवायू संपतो. एकाने हात जोडलेलं चित्र पाठवलं. अकराव्या एक तरुण शिक्षिका होत्या. त्यांनी काही लिहिलं नव्हतं, स्वयंपाकघरात ताट मांडून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवला होता. दोन मेणबत्त्या, वर मोठा ग्लास. मामूंनी तो पाचदा पाहिला. मग माझ्याकडे फोन धरला आणि ग्लासाच्या काठावर बोट ठेवून म्हणाले, "इथे बघ. झाकताना बुडबुडे बाहेर पडतायत. गरम हवा फुगून निघून जाते आधी. विझल्यावर उरलेली आकसते, म्हणून पाणी ओढतं. तेव्हा आपलं लक्ष ज्योतीकडे होतं रे, काठाकडे कुणी पाहिलंच नाही."

नि मुलीला म्हणाले, "त्या बाईंना लिही, तीन लावून बघा म्हणावं."