घाटापलीकडची थंडी
मोटारगाडी आणि चालक यांच्या तयारीचा इतिहास

मराठवाड्यातील एखाद्या जुन्या चालकाला गाडीचा मोठा शत्रू कोणता असे विचारले, तर तो ऊन असे सांगेल. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे, तर बालाघाटाच्या पठारावरील लातूर सुमारे ६३० मीटरवर. मे महिन्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो. उलट कडाक्याच्या थंडीतही तो शून्यापर्यंत उतरत नाही. निजामाच्या सरकारी रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. तेव्हापासून आपल्या भागातील मोटारविद्या ही मुख्यतः इंजिन थंड ठेवण्याची विद्या आहे. रेडिएटर तापला की गाडी थांबवावी, निवू द्यावी आणि मिळेल ते पाणी ओतावे, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

हीच सवय हिमालयात घात करते. आता नांदेड-लातूरची कुटुंबे डिसेंबरात स्वतःच्या गाडीने मनालीपर्यंत जातात. मे महिन्यात सहज ओतलेले साधे पाणी तेथे इंजिन फोडू शकते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९४८ हे वर्ष मराठवाड्याला विसरता येणार नाही. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्याचे रणगाडे सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. तेव्हा पावसाळा होता. बरोबर सात आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १९४८ रोजी, भारतीय सैन्याचे दुसरे रणगाडे काश्मीरमध्ये सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या जोझिला खिंडीत बर्फ पडत असताना चढले. लेहचा रस्ता मोकळा करायचा, तर ही खिंड घेणे भाग होते. त्याआधी मद्रास सॅपर्सच्या जवानांनी बालतालपासून वर जाणारी खेचरांची वाट रुंद केली. वाटेतल्या कमकुवत पुलांना भार पेलावा आणि शत्रूला सुगावा लागू नये, म्हणून रणगाड्यांचे बुरूज उतरवून ते वेगळे नेण्यात आले होते. जनरल थिमय्या आणि लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांची ही मोहीम यशस्वी झाली, ती आधीच्या तयारीमुळे.

तयारी नसली की काय होते, हे १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोजवळ दिसले होते. जर्मन सैन्याच्या गाड्या थंडीने जागीच थिजल्या. इंजिने सुरू करण्यासाठी सैनिकांना त्यांच्याखाली शेकोट्या पेटवाव्या लागल्या.

थंडी इंजिनाला नेमके काय करते? पहिला मुद्दा पाण्याचा. बहुतेक द्रव गोठताना आकुंचन पावतात, पाणी मात्र सुमारे ९ टक्के फुगते. १७८० च्या दशकात कॅनडातील क्विबेक येथे मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी तोफेचे पोकळ लोखंडी गोळे पाण्याने भरून, घट्ट बूच मारून कडाक्याच्या थंडीत ठेवले. गोठणाऱ्या पाण्याने काहींची बुचे उडवली, तर काही गोळे फोडले. मग रेडिएटरच्या पातळ नळ्यांची काय कथा!

यावरचा उपाय आपल्या ओळखीचा आहे. उन्हाळ्यात पाटाच्या आइस्क्रीमसाठी बर्फात खडेमीठ घालतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, म्हणून ते मिश्रण शून्याच्या बरेच खाली जाते. पाण्यात पदार्थ जितका जास्त विरघळवावा, तितका गोठणबिंदू खाली येतो, हे चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७८८ मध्ये दाखवले. मग रेडिएटरमध्ये मीठच का घालू नये? कारण मीठ धातू खाते. आरंभीच्या चालकांनी मद्यार्क वापरून पाहिला, पण तो तापून उडून जाई. ग्लिसरीन वापरले, तर ते फार दाट होई. अखेर १९२० च्या दशकाच्या शेवटी इथिलीन ग्लायकॉल बाजारात आले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनी ते १८५० च्या दशकातच तयार केले होते. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १९७ अंश सेल्सिअस असल्याने ते उडून जात नाही.

येथे एक गंमत आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठते, पण ते निम्मे आणि पाणी निम्मे असे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंतही गोठत नाही. दोन्ही पदार्थ एकमेकांना स्फटिक बनू देत नाहीत. म्हणजे प्रमाणाला महत्त्व आहे. उन्हाळाभर कूलंट कमी झाले की आपण साधे पाणी ओतत राहतो. मिश्रण पातळ होत जाते आणि त्याचा गोठणबिंदू शून्याकडे सरकतो. आपल्याकडे याने थंडीपुरते काहीच बिघडत नाही, म्हणून ते कळतही नाही. कळते ते मनालीच्या पहाटे. तेव्हा प्रवासापूर्वी गॅरेजमध्ये मिश्रणाची घनता तपासून घ्यावी आणि लागल्यास ते बदलावे.

दुसरा मुद्दा तेलाचा. लातुरात जानेवारीच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. इंजिनातील तेल असे गोठत नसले, तरी दाट होते. डिझेलमधील मेण तर कण होऊन वेगळे पडते आणि फिल्टर तुंबवते. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. सपाटीवर भरलेली टाकी घेऊन डिझेलच्या गाडीने वर जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

तिसरा मुद्दा बॅटरीचा. उणे १८ अंशांना तिची शक्ती जवळजवळ निम्मी होते, आणि नेमके तेव्हाच दाट तेलातून इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. उतरलेल्या बॅटरीतील आम्ल पाण्यासारखे सौम्य झालेले असते, त्यामुळे ते गोठूही शकते. ब्लॅग्डेन यांचाच नियम येथे पुन्हा भेटतो.

गाडीइतकीच तयारी चालकाची हवी. १९६२ च्या युद्धात सपाटीवरून थेट उंचावर नेलेले अनेक जवान आजारी पडले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास करून तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. पर्वतीय आजारावरील हे काम जगभर मान्यता पावले. सुमारे साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. तेथे इंजिनाला आणि चालकालाही श्वासागणिक निम्माच ऑक्सिजन मिळतो. डोके दुखते, झोप लागत नाही आणि निर्णय चुकतात. यावर उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने चढणे, मुक्काम करणे आणि त्रास वाढल्यास खाली उतरणे.

सर्वांत मोठा धोका मात्र उबेतूनच येतो. ७ आणि ८ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानातील मरी येथे हिमवृष्टीत गाड्या अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांतील काही जण गाडीच्या काचा लावून, इंजिन चालू ठेवून बसले होते. बर्फाने धुराची नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो. गाडी अडकलीच, तर आधी धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन थोडाच वेळ चालवावे आणि एक काच थोडी उघडी ठेवावी. ब्लँकेट, पाणी, खाणे आणि फावडे या वस्तू गाडीत असल्याच पाहिजेत.

३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९ किलोमीटरच्या अटल बोगद्याने रोहतांगची वाट सोपी केली, पण पलीकडची थंडी कमी केलेली नाही.

वर्गात हा विषय शिकवणे सोपे आहे. प्लास्टिकच्या तीन लहान बाटल्या पाऊणच भराव्या. एकीत साधे पाणी, दुसरीत थोडे मीठ घातलेले आणि तिसरीत भरपूर मीठ घातलेले पाणी घ्यावे. पातळीवर खूण करून त्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्या. कोणती आधी गोठते, पातळी किती चढते, हे मुलांनी नोंदवावे. ग्लायकॉल मात्र वर्गात आणू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते. त्याऐवजी मुलांना गावातील गॅरेजात पाठवावे आणि रेडिएटरमध्ये काय घालतात, का घालतात, हे विचारून यायला सांगावे. मिळालेली उत्तरे फळ्यावर लिहिली, की पुढचा तास आपोआप सुरू होईल. आणि त्यांतले एखादे मूल घरी जाऊन वडिलांना तेच विचारील, हेही आपल्याला हवेच आहे.