प्रोग्रामिंग अभ्यासक्रमाची नियमावली : हार्वर्डचा सीएस५०

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याने कोणते काम स्वतः करायचे, मदत कुठवर घ्यायची, घेतलेल्या मदतीचा उल्लेख कसा करायचा आणि नियम मोडल्यास काय होते, हे सांगणारे लेखी निवेदन. मुदत आणि गुणदान यांचे नियम इतर विषयांसारखेच असतात. या विषयाचे वेगळेपण सहकार्याच्या नियमांत आहे. हार्वर्ड विद्यापीठातील सीएस५० हा प्रास्ताविक अभ्यासक्रम त्याचे ठळक उदाहरण. २००७ पासून डेव्हिड मलान तो शिकवतात आणि २०१२ पासून तो एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावर जगभर खुला आहे. महाराष्ट्रातला विद्यार्थीही तो घरबसल्या करू शकतो. त्याची नियमावली वाचताना एक गोष्ट पटते : असे नियम कॉपी पकडण्यापुरते नसतात, ते शिकवण्याचाच भाग असतात आणि तसेच लिहायला हवेत.

निबंधात दोघांची वाक्ये जुळली की संशय रास्त ठरतो. दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये मात्र दोन प्रामाणिक उत्तरेही जवळजवळ सारखी येतात. त्यामुळे केवळ हाती आलेल्या उत्तरावरून न्याय करता येत नाही. ते कसे तयार झाले हे पाहावे लागते. सीएस५०चा मूळ नियम एवढाच, की वागणे वाजवी असावे आणि सादर केलेल्या कामाचा गाभा विद्यार्थ्याचा स्वतःचा असावा. ‘वाजवी’ हा शब्द संदिग्ध आहे, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच त्याच्यापाठोपाठ चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या वागण्याची लांबलचक यादी येते. फळ्यावर आकृती काढून उपायाची चर्चा चालते. इतरत्र सापडलेल्या काही ओळी उल्लेखासह वापरलेल्या चालतात. काम आपसांत वाटून घेतलेले चालत नाही. या यादीतला सर्वांत मार्मिक नियम एकतर्फी आहे : अडलेल्याने आपला कोड दुसऱ्याला दाखवावा, पण दुसऱ्याचा पाहू नये. आपला कोड दाखवणाऱ्याचा विचार त्याच्याकडेच राहतो, फक्त चूक कुठे आहे ते कळते. दुसऱ्याचा तयार कोड पाहिला, की चुका करत शिकण्याची संधीच संपते.

व्यवसायात सगळेच एकमेकांचा कोड वापरतात, मग वर्गात मनाई कशाला, असे विचारले जाते. व्यवसायात प्रोग्रॅम हवा असतो. वर्गात तो कोणालाच नको असतो. सीएस५०च्या सुरुवातीच्या असाइनमेंटमध्ये मारिओच्या खेळातला विटांचा पिरॅमिड छापायचा असतो. त्या पिरॅमिडचा जगाला उपयोग शून्य, लूपमध्ये लूप कसा चालतो हे उमजणे एवढेच त्याचे फळ. शिवाय दुसऱ्याचा कोड जबाबदारीने वापरायचा, तर त्यातला बग शोधण्याची ताकद आधी अंगी यावी लागते.

नियमभंग शोधण्याची साधने जुनी आहेत. ॲलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये बर्कलीत मॉस ही प्रणाली तयार केली. तिच्यामागची पद्धत २००३ च्या शोधनिबंधात मांडलेली आहे : कोडचे छोटे तुकडे पाडून त्यांचे आकड्यांतले ठसे घ्यायचे आणि निवडक ठसे ताडून पाहायचे. व्हेरिएबलची नावे बदलूनही सुटका होत नाही. पण मॉस साम्य दाखवते, दोष ठरवत नाही. तो निर्णय माणसानेच कोड वाचून घ्यायचा असतो.

पकडल्या गेलेल्यांपैकी अनेकांची कैफियत सारखीच होती : मुदत तोंडावर आली, रात्र सरत चालली आणि घाबरून पाऊल चुकले. त्यावर सीएस५०ने २०१४ मध्ये पश्चात्तापाचे कलम आणले. चूक झाल्यापासून ७२ तासांच्या आत विद्यार्थ्याने स्वतः कबुली दिली, तर त्या कामाचे गुण जाऊ शकतात, पण वारंवार तसे घडले नसेल तर प्रकरण विद्यापीठाच्या शिस्तभंग कारवाईकडे जात नाही. हा ढिलेपणा आहे असे वाटणे साहजिक आहे. शिवाय अभ्यासक्रमाच्या चालकांनीच नोंदवले आहे, की पुढे पाठवल्या जाणाऱ्या प्रकरणांच्या संख्येत या कलमाने फारसा फरक पडला नाही. तरीही कलम योग्यच आहे. कबुली देणाऱ्याशी बोलता येते, त्याच्यावरचा ताण कळतो, त्याला मदतीपर्यंत पोहोचवता येते. शिक्षेची नोटीस हातात पडलेल्या मुलाशी असे बोलणे फार अवघड. गुण जाण्याची शक्यता कायम असल्याने चुकीची किंमतही पुसली जात नाही.

चॅटजीपीटीनंतर असे नियम निरर्थक झाले, हे मत आता वरचेवर ऐकू येते. सीएस५०ने २०२३ मध्ये दिलेले उत्तर जुन्याच तत्त्वाला धरून आहे. असाइनमेंटसाठी बाहेरची अशी साधने वर्ज्य, पण अभ्यासक्रमाचे स्वतःचे एआय ‘बदक’ चालते. प्रोग्रॅमर टेबलावरच्या रबरी बदकाला आपला कोड ओळीओळीने समजावत स्वतःच बग शोधतात, त्या सवयीवरून हे नाव आले. हे बदक तयार उत्तर देण्याऐवजी विद्यार्थ्याला उत्तराच्या दिशेने नेण्यासाठी घडवलेले आहे.