टेबलाला कसं कळतं?

गेल्या शनिवारी भाची फिजिक्सची वही घेऊन आली. अकरावी सायन्स. टेबलावर पुस्तक, एक बाण खाली, एक बाण वर. म्हणाली, "मामा, जड पुस्तक ठेवलं की टेबल जास्त जोर लावतं, हलकं ठेवलं की कमी. पण किती लावायचा ते टेबलाला कसं कळतं?"

मी चपापलोच. हाच प्रश्न अकरावीत मीही विचारला होता. उत्तर मिळालं, "त्याला नॉर्मल फोर्स म्हणतात, लिहून घे." घेतलं लिहून. मार्क मिळाले, कॉम्प्युटर इंजिनियर झालो आणि फिजिक्सशी संबंध संपला. हिचं तसं होऊ नये, असं मनापासून वाटलं.

तर मंडळी, थोडा इतिहास.

आपल्या पुस्तकांचा क्रम आठवा. मोजमाप, गती, न्यूटन, ऊर्जा... आणि अणू पार शेवटी. शोध ज्या क्रमाने लागले साधारण त्याच क्रमाने धडे. न्यूटनचा ग्रंथ १६८७ चा, पण अणू खरंच असतात का यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही भांडणं चालू होती. माख आणि ओस्टवाल्डसारखे दिग्गज ते मानायला तयार नव्हते. अणूंची बाजू लढवणाऱ्या बोल्ट्झमनने १९०६ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या आदल्याच वर्षी आइन्स्टाइनने पाण्यातले सूक्ष्म कण का थरथरतात याचं गणित मांडलं होतं : पाण्याचे रेणू त्यांना धक्के देतात म्हणून. पॅरिसमध्ये जाँ पेरँने ते प्रयोगाने पडताळलं, आणि १९०९ मध्ये ओस्टवाल्डने हार मानली. वाद मिटला. धड्यांचा क्रम मात्र तसाच राहिला.

तो मोडला रिचर्ड फाइनमनने. १९६१ च्या सप्टेंबरात कॅलटेकच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना त्याने पहिल्याच लेक्चरला अणू शिकवले. समजा सगळं विज्ञान नष्ट झालं आणि पुढच्या पिढीला एकच वाक्य देता येणार आहे, तर कुठलं द्यावं? त्याचं उत्तर असं : सगळं अणूंचं बनलंय, ते सतत हलतात, थोडे लांब असले की एकमेकांना ओढतात, फार जवळ दाबले की ढकलतात. एवढ्यावर त्याने बर्फ, वाफ, आणि फुंकर मारल्यावर सूप गार का होतं हे सगळं समजावलं. (आपला बशीतला चहा तसाच. वेगवान रेणू उडून जातात, मंद मागे उरतात. फुंकर उडालेल्यांना परत येऊ देत नाही.)

पण पुढे त्याचाही कोर्स न्यूटनकडे वळलाच. आणि १९६३ च्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच लिहिलं की बहुतेक मुलांच्या दृष्टीने आपल्याला हे फारसं जमलं नाही. फाइनमनने असं म्हणावं!

हा धागा पुढे नेला रूथ चाबे आणि ब्रूस शेरवुड यांनी. २००२ मध्ये आलेल्या त्यांच्या 'मॅटर अँड इंटरॅक्शन्स' या पाठ्यपुस्तकात घन पदार्थ म्हणजे स्प्रिंगांनी जोडलेले चेंडू. तारेला वजन टांगून ती किती लांबते ते मोजायचं, त्यावरून दोन अणूंमधल्या एका 'स्प्रिंग'चा कडकपणा काढायचा, आणि त्यावरून धातूत आवाज किती वेगाने जातो ते! शिवाय मुलांनी स्वतः प्रोग्रॅम लिहायचे. त्यासाठीचं व्हीपायथॉन २००० साली कार्नेगी मेलनमधल्या डेव्हिड शेरर या विद्यार्थ्याने बनवलं. इथे मात्र आमच्यातला इंजिनियर जागा झाला.

रविवारी दोघांनी बसून चेंडू-स्प्रिंगांची एक उतरंड प्रोग्रॅममध्ये रचली आणि वर वजन ठेवलं. उतरंड नाचतच राहिली. (डॅम्पिंग टाकायला विसरलो होतो.) ते टाकल्यावर ती जरा दबली आणि थांबली. वजन दुप्पट केलं, दुप्पट दबली.

"म्हणजे टेबल दबतं!" भाची ओरडली. "पुरेसा जोर येईपर्यंत दबतं. त्याला कळावं लागतच नाही!"

माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर मला सोळा वर्षांच्या पोरीने दिलं.

मग तिने विचारलं, "परीक्षेत हे लिहू का रे?"

मी जरा थांबलो. म्हटलं, "आधी पुस्तकातलं लिही. जागा उरली तर खाली हेही लिही."

जागा उरो, एवढीच इच्छा.