लग्नमंडपांतील झेंडू व पोथ्यांचा कालनिर्णय

आंब्याचे टाळे व झेंडूच्या माळा यांवांचून लग्नमंडपास शोभा नाहीं, ही समजूत महाराष्ट्रांत इतकी दृढ आहे कीं, हें फूल आपल्याकडे पुरातन कालापासून असावें असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक तें परदेशी आहे. आणि हस्तलिखितांचा संग्रह करणारांनीं ही गोष्ट ध्यानीं ठेवणें अगत्याचें आहे.

झेंडूची मूळ भूमि मेक्सिको व लगतचा मध्य अमेरिकेचा प्रदेश ही होय. बेर्नार्दिनो दे साआगून या स्पॅनिश पाद्र्यानें इ. स. १५७७ चे सुमारास पुरा केलेल्या ग्रंथांत तेथील या फुलाचें वर्णन आहे. कोलंबस अमेरिकेस पोंचला तो इ. स. १४९२ त, व पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें तें इ. स. १५१० त. तेव्हां मिरची व अननस यांप्रमाणेंच हें फूलही त्या दर्यावर्दी व्यवहारांतून इकडे आलें असावें. गोमंतकांत त्यास ‘रोजां’ म्हणतात. हें नांव गुलाबवाचक पोर्तुगीज शब्दावरून आलेलें दिसतें.

त्याच्या प्रसाराचें कारण उघड आहे. बीं पेरल्यापासून सुमारें दोन महिन्यांत झाड फुलतें. दाट पाकळ्यांमुळें फूल सुईदोऱ्यांत चांगलें ओंवलें जातें व माळ लौकर कोमेजत नाहीं. जाई, मोगरा व चांफा यांस सुगंध आहे, परंतु मंडप भरून टाकण्याचें काम अल्प खर्चांत झेंडूच करूं शकतो. मात्र स्वस्त वस्तूंची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. म्हणून तिचें आगमन विस्मृत होऊन ती अनादि ठरते.

यावरून कालनिर्णयास एक साधन मिळतें. सोमेश्वर चालुक्याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत माल्यभोगाचें प्रकरण आहे. त्यांत झेंडू असणें शक्यच नव्हतें. एखाद्या विवाहवर्णनांत तो निःसंशय आढळल्यास निदान तेवढा भाग इ. स. १४९२ नंतरचा समजावा. परंतु येथें तीन गोष्टी संभाळाव्या. एक, त्या भागावरून सबंध ग्रंथ अर्वाचीन ठरवूं नये. लेखकूनें भर घातलेली असूं शकते. दुसरी, ‘गोंडा’ शब्द दिसतांच झेंडू समजूं नये. तो रेशमाचा गोंडाही असेल. तिसरी, अनुल्लेखावरून प्राचीनत्व सिद्ध होत नाहीं. तसेंच संस्कृत नांवावर विसंबूं नये. निशिगंध हें नांव शुद्ध संस्कृत वळणाचें, परंतु तें फूलही मेक्सिकोचेंच.

संग्राहकांस विनंति एवढीच कीं, विवाहवर्णनांतील फुलांचीं नांवें जशीं असतील तशींच उतरून घ्यावीं व शेजारीं प्रतीचा लेखनशक नोंदवावा. अशा नोंदी जमल्या म्हणजे हें फूल आपल्या मंडपांत केव्हां शिरलें हें अनुमानानें नव्हे, प्रमाणानें सांगतां येईल.